अनुदान कोणाच्या नावावर?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींचा एक आग्रह असायचा. सरकारी मदतीची कोणतीही यादी गावात आली, की ती फलकावर नुसती चिकटवायची नाही, ग्रामसभेत मोठ्याने वाचायची. यादीत कोण आहे हे ऐकताना कोण सुटलं आहे, हेही गावाला त्याच क्षणी कळतं. आजचं माझं व्याख्यान मी त्या आग्रहाच्या आधारानेच मांडणार आहे. मात्र यादी आपल्या गावची नाही, अमेरिकेतल्या एका ग्रामीण काउंटीची आहे.

अमेरिकेचंच उदाहरण का, तर सरकारने शेतकऱ्याच्या हाती थेट रोख रक्कम देण्याचा त्या देशाचा अनुभव नव्वद वर्षांहून जुना आहे. आपण हा मार्ग मोठ्या प्रमाणावर धरला तो 2018-19 पासून, म्हणजे अगदी अलीकडे. जो आपल्या आधी या वाटेने गेला, त्याला कुठे ठेच लागली हे पाहून पाऊल टाकलेलं बरं. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. शेतीला अनुदान द्यावं की देऊ नये, यावर आपण खूप भांडतो. अनुदान कोणत्या नोंदीवरून द्यायचं, यावर फारसं बोलत नाही. खरा निर्णय तिथेच होतो. सरकार ज्या कागदावर पैसे वाटतं, त्या कागदावर ज्याचं नाव तो शेतकरी ठरतो, आणि बाकीचे हळूहळू शेतीतून बाहेर पडतात.

पॉइन्सेट काउंटी, 1934

काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग. आर्कान्सा राज्यातली पॉइन्सेट काउंटी मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला सपाट, सुपीक खोऱ्यात आहे. लोकसंख्या सुमारे 23 हजार. क्रोलीज रिज नावाची लांबट टेकाडांची रांग तिच्यातून जाते. टेकाडांच्या पश्चिमेला भाताची खाचरं, पूर्वेला कापूस आणि सोयाबीन. पूर्वेचा बराचसा भाग पूर्वी जंगलाचा आणि दलदलीचा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाडं तोडून, चर खणून तो लागवडीखाली आला. त्यावर मोठे मळे उभे राहिले आणि मळ्यांवर राबायला आले वाटेकरी. त्यांत काळे होते, तसे गोरेही होते.

त्या वाटेकऱ्याची स्थिती आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. जमीन, बी, अवजारं आणि खेचर मालकाचं, कष्ट वाटेकऱ्याच्या सगळ्या कुटुंबाचे. पीक अर्धं अर्धं. वर्षभराचं पीठ, मीठ आणि कापड मळ्याच्या दुकानातून उधारीवर. हंगाम संपला की हिशेब मालक लिहिणार, आणि बहुतेक वर्षी वाटेकरी देणेकरीच निघणार. ज्याने आपल्याकडची खोती आणि सावकारी वाचली आहे, त्याला हे चित्र ओळखीचं वाटेल.

1929 नंतर कापसाचा भाव कोसळला. पौंडाला सोळा-सतरा सेंट मिळत होते, ते 1932 पर्यंत सहा सेंटांच्या आसपास आले. 1933 च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आणि त्यांचे कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांनी शेती समायोजन कायदा आणला. त्यामागचा विचार सरळ होता. माल जास्त झाला म्हणून भाव पडला, तर शेतकऱ्याने कमी पिकवावं आणि त्या बदल्यात सरकारने पैसे द्यावेत. पैसे उभे करायला मालावर पहिली प्रक्रिया करणाऱ्या गिरण्यांवर कर बसवला. कायदा झाला तेव्हा कापूस उगवून आलेला होता. म्हणून त्या उन्हाळ्यात सुमारे एक कोटी एकरांवरचं उभं पीक शेतकऱ्यांनी स्वतः नांगरून टाकलं. असं सांगतात की खेचरं रोपांच्या ओळीवर पाय द्यायला तयार होईनात. रोपावर पाय पडू द्यायचा नाही, हे त्यांना जन्मभर शिकवलेलं होतं. त्याच वर्षी साठ लाखांच्या आसपास डुकरं आणि डुकरांची पिल्लं मारली गेली. उपाशी देशात अन्न आणि वस्त्र नष्ट करण्याचं ते धोरण लोकांना फार झोंबलं. पण भावापुरता परिणाम झाला. वर्ष-दोन वर्षांत कापूस दहा सेंटांच्या वर गेला.

आता पैसे कोणाला मिळाले ते पाहू. 1934-35 च्या करारात पेरा चाळीस टक्के कमी करायचा होता. पडीक ठेवलेल्या जमिनीच्या अंदाजी उत्पादनावर पौंडामागे साडेचार सेंट मिळायचे. त्यातले साडेतीन सेंट जमिनीचं भाडं म्हणून मालकाचे. उरलेला एक सेंट भावातला फरक म्हणून, तो मालक आणि वाटेकरी यांच्यात अर्धा अर्धा. म्हणजे मालकाला चार सेंट आणि सामान्य वाटेकऱ्याला अर्धा सेंट. नऊ वाट्यांतले आठ मालकाचे, एक वाटेकऱ्याचा. तो एकही पुष्कळदा दुकानाच्या जुन्या उधारीत वळता व्हायचा.

एवढ्यावर भागलं नाही. पेरा चाळीस टक्के घटला, की तेवढी माणसंही नकोशी झाली. कराराच्या सातव्या कलमात लिहिलं होतं, की मालकाने शक्यतो कुळांची संख्या कायम ठेवावी. या ‘शक्यतो’चा अर्थ लावणार कोण, तर मालकच. कुटुंबं हाकलली गेली. पॉइन्सेट काउंटीतल्या टायरोन्झा या छोट्या गावाजवळही हेच झालं. तिथे 1934 च्या जुलैमध्ये एका शाळेत अठरा माणसं जमली, अकरा गोरी आणि सात काळी. गोऱ्यांची आणि काळ्यांची संघटना वेगळी करायची की एकच, असा प्रश्न निघाला. बैठकीतल्या एका वयस्कर काळ्या माणसाला 1919 चं एलेनचं हत्याकांड आठवत होतं. त्याच राज्यात काळ्या वाटेकऱ्यांनी संघटना बांधली म्हणून त्यांच्यावर गोळ्या चालल्या होत्या. वेगळे राहिलो तर वेगवेगळे मारले जाऊ, हा त्याच्या बोलण्याचा आशय होता. संघटना एकच झाली. नाव ठेवलं सदर्न टेनंट फार्मर्स युनियन. कपडे धुण्याचं दुकान चालवणारे एच. एल. मिचेल आणि पेट्रोलपंप चालवणारे क्ले ईस्ट हे तिचे पहिले कार्यकर्ते. वंशभेद कायद्याने पाळला जात होता अशा प्रदेशात गोरे आणि काळे शेतमजूर एका बाकावर बसले, ते सरकारी अनुदानाच्या वाटपातल्या अन्यायामुळे. आज त्या गावात या लढ्याचं संग्रहालय आहे.

हा आवाज वॉशिंग्टनपर्यंत पोहोचला. कृषी खात्याच्या कायदा विभागात जेरोम फ्रँक आणि त्यांचे तरुण सहकारी होते. त्यांनी सातव्या कलमाचा अर्थ असा लावला, की मालकाने कुळांचा नुसता आकडा नव्हे, तीच माणसं ठेवली पाहिजेत. 1935 च्या फेब्रुवारीत फ्रँक आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना नोकरीतून काढून टाकण्यात आलं. वॉलेस यांनी ते होऊ दिलं. काँग्रेसमध्ये दक्षिणेकडच्या जमीनदारांचं वजन एवढं होतं, की त्यांना दुखवून पुढचं काहीच करता येणार नाही, असा हिशेब त्यामागे होता. सरकारला शेतकऱ्याचं भलं करायचं होतंच. पण शेतकरी कोण, हे ठरवण्याची वेळ आली तेव्हा ज्याचा आवाज मोठा तो शेतकरी ठरला.

पुढची पंधरा-वीस वर्षं पाहा. मालकाच्या हाती अनुदानाचा रोख पैसा आला, माणसं कमी लागू लागली, आणि तो पैसा ट्रॅक्टरमध्ये गेला. 1944 मध्ये मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलजवळच्या एका मळ्यात यंत्राने कापूस वेचून दाखवला गेला. त्यानंतर वाटेकरी ही जातच त्या खोऱ्यातून हळूहळू नाहीशी झाली. लाखो माणसं शिकागो, डेट्रॉइटसारख्या शहरांकडे गेली. याला एकटं अनुदान कारण होतं, असं मी म्हणणार नाही. यंत्र आलंच असतं. पण शेत सोडणाऱ्याच्या हातात काहीच नव्हतं आणि ठेवणाऱ्याच्या हातात सरकारी चेक होता, एवढा फरक धोरणाने केला.

आजचं गणित

आज त्याच काउंटीत अनुदान कसं मिळतं? देशातल्या भाताच्या उत्पादनापैकी निम्म्याच्या आसपास एकट्या आर्कान्सात होतं, आणि पॉइन्सेट ही त्यातली एक प्रमुख काउंटी. तेव्हा भाताचंच उदाहरण घेऊ. 2014 च्या कायद्याने लांब दाण्याच्या भाताला शंभर पौंडांमागे 14 डॉलर हा संदर्भभाव ठरवला, जो 2025 मध्ये वाढवला गेला. 14 डॉलरांच्या त्या हिशेबात हंगामाचा सरासरी बाजारभाव समजा 11 डॉलर निघाला, तर तीन डॉलरांचा फरक सरकार देत असे. आपल्या हमीभावाहून हे वेगळं आहे. सरकार माल विकत घेत नाही, फरक खात्यात भरतं.

पण हा फरक यंदा पिकवलेल्या मालावर मिळत नाही. तो मिळतो शेताच्या नोंदलेल्या पायाभूत एकरांवर, त्यातही 85 टक्क्यांवर. ते एकर मुख्यतः ठरले मागच्या काळातल्या पेरणीच्या इतिहासावरून. एखाद्या शेताच्या नावावर भाताचे तीनशे पायाभूत एकर असतील, तर यंदा तिथे सोयाबीन असलं तरी भाताचा फरक मिळू शकतो. शेजाऱ्याने यंदा नव्याने भात लावला असेल आणि त्याच्याकडे पायाभूत एकर नसतील, तर भाव पडल्याचा तोटा त्याला एकट्याने सोसावा लागतो. म्हणजे हा पैसा जमिनीच्या जुन्या कागदाला चिकटलेला आहे. भाजीपाला आणि फळं पिकवणाऱ्यांना या योजनेत स्थानच नाही. सरकारी अनुदानाचा मोठा वाटा मका, सोयाबीन, गहू, कापूस, भात आणि भुईमूग अशा मोजक्या पिकांकडे जातो.

या रचनेचं सर्वांत बोलकं उदाहरण 2006 साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने बाहेर काढलं. 1996 च्या कायद्याने जुन्या पेऱ्याच्या आधारावर दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली, पीक घ्या किंवा घेऊ नका. टेक्सासच्या जुन्या भातपट्ट्यात शेतांचे तुकडे पडून बंगले झाले, आणि त्या बंगल्यांच्या मालकांनाही भाताचे पैसे मिळत राहिले. अजिबात शेती न करणाऱ्यांना 2000 सालापासून किमान 130 कोटी डॉलर गेल्याचा हिशेब त्या वृत्तपत्राने मांडला. हा प्रकार बंद व्हायला 2014 उजाडलं.

मग मर्यादा घातली नाही का? घातली. 1970 च्या कायद्याने प्रथमच एका व्यक्तीला एका पिकामागे 55 हजार डॉलरांची मर्यादा आली. त्यामागे लोकांचा संताप होता. मिसिसिपीचे सिनेटर जेम्स ईस्टलंड हे सनफ्लावर काउंटीतले मोठे मळेवाले. त्यांच्या मळ्याला वर्षाला लाखाहून अधिक डॉलरांचं अनुदान मिळत होतं. त्याच काउंटीत फॅनी लू हेमर या वाटेकऱ्याच्या मुलीने मतदार म्हणून नाव नोंदवायचा प्रयत्न केला, तर 1962 साली मळ्याच्या मालकाने तिला घराबाहेर काढलं. एकाच काउंटीतली ही दोन माणसं देशाने पाहिली. पण मर्यादा आली तशी पळवाटही आली. जमीन मुलं, सुना, भागीदाऱ्या आणि कंपन्या यांच्यात वाटली गेली आणि प्रत्येकाचा चेक वेगळा झाला. कागदावरच्या अशा फांद्या फुटलेल्या रचनेला तिकडे ‘मिसिसिपी ख्रिसमस ट्री’ असं नावच पडलं. 2014 च्या कायद्यात माणशी मर्यादा सव्वा लाख डॉलर होती. 2018 च्या कायद्याने कुटुंबाच्या व्याख्येत चुलत-मावस भावंडं, पुतणे आणि भाचेही घेतले. 2025 मध्ये मर्यादा 1 लाख 55 हजार डॉलर झाली. नियम कडक करण्याची भाषा होते आणि व्याख्या सैल होत जाते, हे आपण आपल्याकडच्या कमाल जमीन धारणा कायद्याच्या अंमलबजावणीत पाहिलेलं आहे.

आपत्तीच्या वेळीही हेच होतं. 2018 साली चीनशी आयातशुल्काचं युद्ध जुंपलं आणि सोयाबीनची निर्यात घसरली. सरकारने दोन वर्षांत 2300 कोटी डॉलरांच्या आसपास भरपाई वाटली. 2019 मध्ये तिचा दर काउंटीनुसार ठरला, एकरी 15 ते 150 डॉलर. रस्त्याच्या अलीकडे एक दर, पलीकडे दुसरा. पण दर कोणताही असो, मोजमाप एकरच. एकर जास्त त्याला पैसे जास्त.

यादीतून सुटलेले

आता ज्यांची नावं यादीत आलीच नाहीत त्यांच्याकडे वळू. अमेरिकेत शेती खात्याच्या कामावर काउंटीतल्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेली समिती लक्ष ठेवते. ही पद्धत 1930 च्या दशकापासूनची आहे. कल्पना सुंदर आहे, गावचा निर्णय गावाने करावा. पण दक्षिणेत गाव म्हणजे गोरे जमीनदार. काळ्या शेतकऱ्याचा कर्जाचा अर्ज महिनोन्‌महिने पडून राही आणि पेरणी उलटून गेल्यावर पैसे मिळत. 1920 साली त्या देशात सव्वानऊ लाखांच्या आसपास काळे शेतकरी होते. 1997 पर्यंत ते वीस हजारांहून खाली आले. टिमोथी पिगफर्ड या उत्तर कॅरोलायनातल्या शेतकऱ्याच्या नावाने खटला उभा राहिला, आणि 1999 मध्ये सरकारने तडजोड मान्य केली. पंधरा हजारांहून अधिक दावेदारांना मिळून सुमारे 100 कोटी डॉलर मिळाले. 2010 मध्ये दुसऱ्या तडजोडीत आणखी 125 कोटी मंजूर झाले. न्याय मिळाला, पण तोवर बहुतेकांची जमीन गेली होती.

दुसरी गोष्ट वारसनोंदीची आहे. दक्षिणेतल्या पुष्कळ काळ्या कुटुंबांनी मृत्युपत्र केलं नाही. पणजोबाची जमीन चार पिढ्यांच्या वारसांत अविभक्त राहिली. कसणारा एकच, पण मालकीचा स्वच्छ कागद नाही. कागद नाही म्हणून सरकारी दप्तरात शेताला क्रमांक नाही, आणि क्रमांक नाही म्हणून कर्ज नाही, अनुदान नाही, अतिवृष्टीची भरपाई नाही. 2018 च्या कायद्याने यात पहिली मोठी सुधारणा केली. मालकीचा निर्विवाद कागद नसला तरी ती जमीन आपण कसतो, हे दुसऱ्या पुराव्यांनी दाखवणाऱ्याला शेताचा क्रमांक मिळू लागला. वारसनोंदीसाठी तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला या सुधारणेची किंमत कळेल.

आणि खंडाने शेती करणाऱ्याचं काय? इथे अमेरिकेकडून शिकण्यासारखं आहे. 1934 चा अन्याय तिथे आज त्याच रूपात उरलेला नाही. रोख भाड्याने जमीन घेतली, तर अनुदान कसणाऱ्याला मिळतं. वाट्याने घेतली, तर जोखमीच्या प्रमाणात दोघांत वाटलं जातं. कारण भाडेपट्टा सरकारी दप्तरात नोंदलेला असतो. तरीही संपूर्ण पैसा कसणाऱ्याच्या हाती टिकत नाही. त्या देशातली निम्म्याहून अधिक पिकाऊ जमीन भाड्याने कसली जाते, आणि भाड्याने दिलेल्या जमिनीचा मोठा भाग स्वतः शेती न करणाऱ्यांच्या मालकीचा आहे. अनुदान येणार हे मालकाला ठाऊक असतं, म्हणून पुढच्या करारात भाडं वाढतं, जमिनीचा भाव वाढतो. पाटाचं पाणी वरच्या वावराने अडवावं आणि खालच्याने ओलीवर भागवावं, तसं हे होतं. तरुण, नव्या शेतकऱ्याला त्यामुळे जमीन घेणंच अवघड होतं. 1935 मध्ये अमेरिकेत 68 लाख शेतं होती, 2022 च्या गणनेत 19 लाख. सगळा इतिहास अनुदानावर ढकलता येणार नाही. पण लहान शेतकरी टिकावा म्हणून सुरू झालेल्या योजनेने लहान शेतकरी टिकवला नाही, हे मान्य करावं लागेल.

मी अनुदानाचा विरोधक आहे, असा समज होऊ नये. शेतीचं उत्पन्न पावसावर आणि परक्या बाजारावर ठरतं. एक वर्ष बुडालं तर पुढची पेरणी थांबते, आणि एकदा शेत सुटलं की माणूस परत येत नाही. 1932 साली सहा सेंटांच्या कापसावर कोणताही कष्टाळू शेतकरी उभा राहू शकला नसता. समाजाने त्याच्या पाठीशी उभं राहणं हे कर्तव्यच आहे. म्हणूनच ते कर्तव्य योग्य माणसापर्यंत पोहोचतं का, याची काळजी मला जास्त वाटते.

त्यांचा चेक आणि आपला कापूस

पॉइन्सेटच्या चेकचा आपल्याशी संबंध काय, असं कोणी विचारील. संबंध कापसाच्या भावाचा आहे. 2001-02 मध्ये जगात कापसाचा भाव पौंडाला चाळीस सेंटांच्या आसपास घसरला. अमेरिकेतल्या सुमारे 25 हजार कापूस उत्पादकांना सरकारी पैशाने तोलून धरलं होतं. त्यांनी भावाच्या प्रमाणात पेरा कमी केला नाही. भाव पडला की पेरा घटतो आणि भाव सावरतो, हे बाजाराचं चक्र त्यामुळे अडलं. त्याचा भार पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड या देशांवर पडला. तेव्हा महाराष्ट्राची कापूस एकाधिकार खरेदी योजना अखेरच्या दिवसांत होती, आणि विदर्भातल्या कोरडवाहू कास्तकाराच्याही वाट्याला तो भार आला. 2002 मध्ये ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, आणि 2005 मध्ये ती अपिलातही जिंकली. पुढे काय झालं पाहा. अमेरिकेने अनुदान लगेच मागे घेतलं नाही. आधी ब्राझीलच्या कापूसक्षेत्राला दरवर्षी पैसे द्यायचं कबूल केलं, आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. तक्रार करण्याची ताकद असलेल्या देशाला भरपाई मिळाली. यवतमाळच्या आणि मालीच्या शेतकऱ्याला काहीच मिळालं नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये आपल्या सरकारने कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क स्थगित केलं, तेव्हा बाहेरचा अनुदानित कापूस नव्या हंगामाच्या तोंडावर आपल्या दारात आला.

आपली नोंद

आता आपल्या घराकडे. पंतप्रधान किसान सन्मान निधी 1 डिसेंबर 2018 पासून लागू झाला. वर्षाला सहा हजार रुपये, तीन हप्त्यांत. 2023 पासून महाराष्ट्र सरकार नमो शेतकरी महासन्मान योजनेतून आणखी सहा हजार देतं. एका बाबतीत आपली रचना अमेरिकेहून न्याय्य आहे, आणि ते अभिमानाने सांगितलं पाहिजे. आपण एकरावर पैसे दिले नाहीत, कुटुंबाला दिले. दोन एकरवाल्याला आणि वीस एकरवाल्याला रक्कम सारखीच.

पण पात्रतेची अट कोणती? जमीन नावावर असणे. 1 फेब्रुवारी 2019 रोजी जमिनीच्या नोंदीत ज्याचं नाव होतं, तो पात्र. जो बटईने, ठोक्याने, अर्धेलीने, खंडाने दुसऱ्याचं रान कसतो, बियाण्या-खताचं कर्ज काढतो, अळी पडली तर रात्रभर जागतो, तो सरकारच्या लेखी शेतकरी नाही. सातबारा पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मालकाचा, म्हणून हप्ता त्याच्या खात्यात. अतिवृष्टीचा पंचनामा झाला की भरपाई सातबारावाल्याला. पीकविम्यात बटईदाराला भाग घेता येतो असं कागदावर आहे, पण मागितला जातो तो लिखित भाडेकरार. तो करून द्यायला मालक तयार नसतो. 1948 च्या कूळकायद्याची आणि 1957 च्या कृषकदिनाची, म्हणजे कुळं मालक ठरली त्या दिवसाची, त्याला धास्ती असते. ज्या कायद्याने लाखो कुळं मालक झाली, त्याच्या भीतीने आजचा बटईदार तोंडी व्यवहारात अडकला, हे सत्य आपण मोकळेपणाने बोललं पाहिजे. 2016 मध्ये नीती आयोगाच्या समितीने यावर नमुना कायदा सुचवला. मालकाची मालकी सुरक्षित आणि कसणाऱ्याचे हक्क नोंदलेले, अशी त्याची मांडणी होती. त्यावर महाराष्ट्रात खुली चर्चा व्हायला हवी.

दुसरा सुटलेला वर्ग स्त्रियांचा. पेरणी, निंदणी, वेचणी तिच्या हातची. पण 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या शेतजमीनधारकांत स्त्रिया सुमारे 14 टक्केच. शरद जोशींनी 1990 च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि हजारो शेतकऱ्यांनी स्वखुशीने पत्नीच्या नावे जमीन केली. ती हाक आज पुन्हा द्यावी लागेल, कारण आता सातबाऱ्यावरच्या नावाबरोबर सरकारी पैसाही येतो. नवऱ्याने आत्महत्या केल्यावर वारसनोंदीसाठी सासर अडवतं, तेव्हा तिची जमीन आणि तिचे हप्ते दोन्ही अडकतात.

दुसऱ्या राज्यांनी काय केलं? ओडिशाने ‘कालिया’ योजनेत वाटेकरी आणि भूमिहीन शेतमजूर कुटुंबं घेतली. आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये पीक घेणाऱ्याच्या हक्कांचा कायदा केला. तेलंगणाने 2018 मध्ये ‘रयतु बंधू’ सुरू केली ती मात्र एकरी आणि फक्त मालकाला. म्हणजे पॉइन्सेटच्या दोन्ही चुका एकत्र. आपल्यासमोर हे नमुने आहेत. निवड आपल्याला करायची आहे.

माझ्या मते चार गोष्टी करण्यासारख्या आहेत, आणि त्या आपल्या हातच्या आहेत. पहिली, ई-पीक पाहणीत कसणाऱ्याच्या नावाची नोंद करण्याची सोय हवी, आणि त्या नोंदीने मालकी हक्क निर्माण होणार नाही हे कायद्याने स्पष्ट असावं. मालकाची भीती गेली तर बटईदाराचं नाव उजेडात येईल. दुसरी, नुकसानभरपाई, विमा आणि भावफरक हे ज्याने जोखीम घेतली त्याला मिळावेत. मालकाला त्याचा खंड मिळतोच. तिसरी, एकरावर मोजली जाणारी कोणतीही मदत आली, तर तिला माणशी मर्यादा घालावी, आणि माणूस म्हणजे जिवंत, शेतात दिसणारा माणूस, ही व्याख्या पहिल्याच दिवशी घट्ट करावी. अमेरिकेत ती व्याख्या पन्नास वर्षं सैल होत गेली आहे. चौथी, वारसनोंद आणि पत्नीचं नाव लावणं हे मोहीम म्हणून व्हावं, हेलपाटे मारणाऱ्याच्या नशिबावर सोडू नये.

यादीबद्दल एक शब्द. अमेरिकेत 1995 पासून कोणत्या काउंटीत कोणाला किती अनुदान मिळालं, हे एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने लोकांसमोर खुलं केलं, आणि त्यामुळेच तिथला वाद आकड्यांवर आला. आपल्याकडे किसान सन्मानच्या गावनिहाय याद्या संकेतस्थळावर आहेत. ग्रामसभेने त्या वाचाव्यात. त्या शेजारी दुसरी एक यादी गावाने स्वतः करावी, प्रत्यक्ष रान कोण कसतं त्यांची. दोन याद्यांत जेवढी तफावत निघेल, तेवढं आपलं पुढचं काम.

टायरोन्झाच्या त्या अठरा माणसांनी कोणाकडे दान मागितलं नाही. ज्या जमिनीवर ते राबत होते, त्या जमिनीच्या नावाने आलेल्या पैशात आपलं नाव असावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांना ते मिळालं नाही, आणि ते खोरं हळूहळू रिकामं होत गेलं. महाराष्ट्राने अजून तेवढा उशीर केलेला नाही. आपल्या योजना नव्या आहेत, त्यांच्या व्याख्या अजून घट्ट झालेल्या नाहीत, आणि बटईदार अजून रानात उभा आहे. त्याचं नाव दप्तरात आणण्याचं काम येत्या खरिपाआधी आपल्या ग्रामसभांपासून सुरू करता येईल. ते सुरू करा, ही आजच्या सभेला माझी विनंती आहे.